मिशिगनची मतपत्रिका इतकी लांब का असते आणि एकाच दिवशी एकाच राज्याचे दोन निकाल कसे लागतात?

मुळाकाठी

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण गेली अनेक वर्षे डेट्रॉईटच्या पश्चिमेला असलेल्या नोव्हाय या गावात राहते. नागरिकत्व मिळाल्यावर २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तिने पहिल्यांदा मतदान केले. त्याआधी तिने संकेतस्थळावरची नमुना मतपत्रिका मला पाठवली होती. ती पाहून मी थक्क झालो. राष्ट्राध्यक्ष, सिनेट आणि प्रतिनिधिगृह येथवर मला कळले. पण त्याच कागदावर राज्याचे शिक्षण मंडळ होते, तीन विद्यापीठांची नियामक मंडळे होती, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते आणि काउंटीची कितीतरी पदे होती. पुण्यात बसून मला एवढेच ठाऊक होते की आपण एक बटण दाबतो आणि घरी येतो.

निकाल लागल्यावर गोंधळ आणखी वाढला. मिशिगनने राष्ट्राध्यक्षपदासाठी ट्रम्प यांना कौल दिला, आणि त्याच दिवशी, त्याच मतदारांनी सिनेटवर डेमोक्रॅटिक पक्षाच्या एलिसा स्लॉटकिन यांना पाठवले. हे नेमके कसे घडले? मतदारांनी विचारपूर्वक मते विभागली, की यामागे मतपत्रिकेच्या रचनेचा काही भाग आहे? शिवाय बहिणीच्या शेजारणीने तिला सांगितले की काही वर्षांपूर्वीपर्यंत ज्या पक्षाला राज्यात जास्त मते मिळत त्याच्याच काँग्रेसमधील, म्हणजे अमेरिकी संसदेतील, जागा कमी येत, आणि पुढे लोकांनीच ते मोडून काढले. हे कसे झाले, हे जाणकारांनी सविस्तर सांगितले तर मोठे उपकार होतील. मला एखाद्या पक्षाची बाजू घ्यायची नाही, ही व्यवस्था समजून घ्यायची आहे.

कँटनवासी

मी वेन काउंटीतील कँटन येथे राहतो आणि दोन निवडणुकांत मतदान केंद्रावर कर्मचारी म्हणून बसलो आहे. त्यामुळे मतपत्रिकेविषयी मला थोडे अधिकाराने सांगता येईल.

मिशिगनमध्ये निवडणुका दोन लयींत चालतात. गव्हर्नर, महाधिवक्ता आणि सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे निवडणुकांचा कारभार ज्यांच्याकडे असतो ते पद, ही तिन्ही पदे चार वर्षांची आहेत आणि ती राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक नसलेल्या सम वर्षी भरली जातात. राज्याच्या सिनेटच्या ३८ जागाही तेव्हाच निवडल्या जातात. राज्याच्या प्रतिनिधिगृहाच्या ११० जागा आणि अमेरिकी प्रतिनिधिगृहातील मिशिगनच्या १३ जागा मात्र दर दोन वर्षांनी लढवल्या जातात. म्हणजे तुमच्या भगिनींनी २०२४ मध्ये जी मतपत्रिका पाहिली तिच्यावर गव्हर्नरचे नावच नव्हते, तरीही ती एवढी लांब होती. मिशिगन विद्यापीठ, मिशिगन स्टेट आणि वेन स्टेट या तिन्ही विद्यापीठांची मंडळे राज्यघटनेनुसार संपूर्ण राज्यातील मतदार निवडतात आणि त्यांची मुदत आठ वर्षांची असते. ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठाचा कारभार कोणी पाहायचा हे दूर उत्तरेकडच्या खेड्यातील शेतकरीसुद्धा ठरवतो. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

एक बाब बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. गव्हर्नर आणि काँग्रेस यांचे उमेदवार ऑगस्टच्या प्राथमिक फेरीत मतदार ठरवतात, परंतु महाधिवक्ता, सेक्रेटरी ऑफ स्टेट, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि विद्यापीठांची मंडळे यांचे उमेदवार पक्षाच्या अधिवेशनात ठरतात. त्यातही न्यायाधीशांची गंमत वेगळी आहे. त्यांना उमेदवारी पक्ष देतो, पण मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे पक्ष छापलेला नसतो आणि ती नावे पक्षविरहित विभागात असतात. मिशिगनमध्ये एका खुणेने संपूर्ण पक्षाला मत देण्याची सोय आहे. विधिमंडळाने ती काढून टाकली होती आणि २०१८ च्या लोकप्रस्तावाने ती परत आली. ही खूण केली तरी न्यायाधीशांच्या विभागात काहीच नोंदले जात नाही. मतदान केंद्रावर मी कित्येकांना पहिल्या बाजूवर एक गोल काळा करून कागद उलटा न करता यंत्राकडे जाताना पाहिले आहे. कोणाला मत द्यावे याविषयी आम्हाला एक अवाक्षरही काढता येत नाही, पण कागदाला दुसरी बाजू आहे एवढे मात्र आम्ही प्रत्येकाला सांगतो.

ऑगस्टमधला एक प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. प्राथमिक फेरीत मतदाराने पक्षाची नोंदणी केलेली नसते. दोन्ही पक्षांचे स्तंभ एकाच कागदावर असतात आणि त्यांतील एकाच स्तंभात खुणा करायच्या असतात. एका वयस्क गृहस्थांनी दोन्ही स्तंभांत आपल्याला बरी वाटलेली माणसे निवडली होती. यंत्राने कागद परत बाहेर ढकलला. ते म्हणाले, "मी माणसे पाहून मत दिले, यात माझी चूक काय?" मी त्यांना पहिला कागद रद्द करून नवा घेता येतो हे समजावून सांगितले. ते पुन्हा आडोशाला जाऊन बसले आणि बराच वेळ विचार करून परत आले. माझ्या सहकारी बाईंनी नव्या कागदाच्या वरच्या टोकाची क्रमांकाची पट्टी फाडून घेतली आणि त्यांचे मत पेटीत गेले. त्या दिवशी ते केंद्रावर होते म्हणून चूक सुधारता आली. तीच चूक टपालाने पाठवलेल्या मतपत्रिकेत झाली असती, तर पक्षांच्या विभागातील त्यांचे सगळे मत बाद झाले असते.

आता स्लॉटकिन यांच्या विजयाकडे येतो. येथे आकडे पाहणे फार उद्बोधक आहे. ट्रम्प यांनी राज्य सुमारे ८० हजार मतांनी जिंकले आणि स्लॉटकिन यांनी रिपब्लिकन उमेदवार माइक रॉजर्स यांना सुमारे १९ हजार मतांनी हरवले. यावरून आपण समजतो की बऱ्याच लोकांनी ट्रम्प आणि स्लॉटकिन या दोघांनाही मत दिले असेल. काहींनी दिलेही असेल. पण स्लॉटकिन यांना कमला हॅरिस यांच्यापेक्षाही थोडी कमीच मते मिळाली होती. खरी तफावत दुसऱ्या बाजूला होती. रॉजर्स यांना ट्रम्प यांच्यापेक्षा एक लाखाहून अधिक मते कमी पडली. ट्रम्प यांना मत देऊन सिनेटची ओळ कोरी सोडणारे किंवा तेथे छोट्या पक्षाला मत देणारे लोक या तफावतीत मोठ्या संख्येने असावेत, असे माझे मत आहे.

नकाशावेडा

कँटनवासी यांनी मतपत्रिका उत्तम समजावली. जागा आणि मते यांच्या विसंगतीविषयी मी लिहितो, कारण मिशिगनच्या राजकारणातील मला सर्वांत जिव्हाळ्याचा विषय तोच आहे.

२०११ मध्ये मतदारसंघांचे नकाशे विधिमंडळाने आखले. त्या वेळी दोन्ही सभागृहे आणि गव्हर्नरपद रिपब्लिकन पक्षाकडे होते. परिणाम पुढच्याच वर्षी दिसला. २०१२ मध्ये मिशिगनच्या काँग्रेसच्या निवडणुकांत डेमोक्रॅटिक उमेदवारांना एकत्रितपणे जास्त मते पडली, परंतु १४ पैकी त्यांना जागा मिळाल्या ५ आणि रिपब्लिकन पक्षाला ९. हे साधण्याची रीत सोपी होती. डेमोक्रॅटिक मते थोड्या मतदारसंघांत खच्चून भरायची, म्हणजे तेथे ती गरजेपेक्षा कितीतरी जास्त होऊन वाया जातात, आणि उरलेली मते इतरत्र पातळ पसरायची. तेव्हाचा चौदावा मतदारसंघ नकाशावर पाहिला तर डोळे विस्फारतात. तो डेट्रॉईटच्या पूर्व भागातून निघून वळणे घेत थेट पाँटिअॅकपर्यंत जात असे.

शेजारणीने जे सांगितले ते येथून पुढचे आहे. २०१६ च्या निवडणुकीनंतर केटी फेही या राजकारणाबाहेरच्या तरुणीने फेसबुकवर लिहिले की मिशिगनमधील ही नकाशेबाजी थांबवण्यासाठी काही करण्याची आपली इच्छा आहे, कोणाला सोबत यायचे असेल तर यावे. त्यातून 'व्होटर्स नॉट पॉलिटिशियन्स' ही चळवळ उभी राहिली. मिशिगनच्या राज्यघटनेत दुरुस्तीचा प्रस्ताव थेट मतदारांपुढे नेता येतो. त्यासाठी मागच्या गव्हर्नरच्या निवडणुकीत पडलेल्या मतांच्या दहा टक्के सह्या लागतात, म्हणजे त्या वेळी ३,१५,६५४. स्वयंसेवकांनी सव्वाचार लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या. प्रस्ताव मतपत्रिकेवर येऊ नये म्हणून विरोधक न्यायालयात गेले आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो ४ विरुद्ध ३ असा निसटता मोकळा केला. नोव्हेंबर २०१८ मध्ये सुमारे ६१ टक्के मतदारांनी तो मंजूर केला.

त्यानुसार १३ सामान्य नागरिकांचा आयोग नेमला जातो. त्यात ४ डेमोक्रॅटिक, ४ रिपब्लिकन आणि कोणत्याही पक्षाशी न बांधलेले ५ जण असतात. निवड मुख्यतः चिठ्ठ्या टाकल्यासारखी, यादृच्छिक पद्धतीने होते. लोकप्रतिनिधी, उमेदवार, पक्षाचे पदाधिकारी आणि त्यांचे निकटचे नातेवाईक यांना त्यात बसता येत नाही. नकाशा मंजूर व्हायला नुसते बहुमत पुरत नाही, तिन्ही गटांतील किमान दोन-दोन जणांची संमती लागते. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी नकाशे मंजूर केले. मसुद्यांना झाडांची नावे दिली होती. काँग्रेसचा जो नकाशा निवडला गेला त्याचे नाव 'चेस्टनट', राज्याच्या सिनेटचा 'लिंडेन' आणि प्रतिनिधिगृहाचा 'हिकरी'. २०२० च्या जनगणनेनंतर राज्याची एक जागा कमी होऊन १४ च्या १३ झाल्या होत्या, त्यामुळे आयोगाचे काम आणखी अवघड होते.

फळ लगेच दिसले. २०२२ मध्ये काँग्रेसच्या ७ जागा डेमोक्रॅटिक आणि ६ रिपब्लिकन अशा आल्या, आणि राज्याची दोन्ही सभागृहे व गव्हर्नरपद एकाच वेळी डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेले. असे जवळजवळ चाळीस वर्षांत झाले नव्हते. परंतु माझ्या मते या नकाशाची खरी परीक्षा २०२४ मध्ये झाली. वारे फिरले तेव्हा जागाही फिरल्या. सातवा मतदारसंघ रिपब्लिकन टॉम बॅरेट यांनी जिंकला, काँग्रेसच्या जागा ७ रिपब्लिकन व ६ डेमोक्रॅटिक झाल्या आणि राज्याचे प्रतिनिधिगृह ५८ विरुद्ध ५२ असे रिपब्लिकन पक्षाकडे परतले. लोकांचे मन बदलले की निकालही बदलतो, एवढीच माझी नकाशाकडून अपेक्षा आहे.

मुळाकाठी

दोघांचेही मनापासून आभार. बहिणीला हे सगळे वाचून दाखवतो. एक शंका आहे. श्री ठाणेदार डेट्रॉईटमधून काँग्रेसवर निवडून आले तेव्हा आपल्याकडे वर्तमानपत्रांनी मोठ्या कौतुकाने बातम्या दिल्या. या नव्या नकाशाचा आणि त्यांच्या विजयाचा काही संबंध आहे का?

चिकोडीकर

संबंध आहे, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. मी मूळचा चिकोडीचा. ठाणेदारांचा जन्म तेथलाच आणि ते वाढले बेळगावात, म्हणून त्यांच्या प्रवासाकडे मी आपुलकीने पाहतो. मात्र या जागेचा विचार करताना आपुलकी थोडी बाजूला ठेवावी लागते.

ते १९७९ मध्ये रसायनशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत गेले आणि पुढे उद्योजक झाले. राजकारणातील त्यांची पहिली मोठी उडी राज्यभरच्या निवडणुकीतच होती. २०१८ मध्ये त्यांनी गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीत स्वतःचे एक कोटी डॉलरहून अधिक खर्च केले आणि ते तिसरे आले. ग्रेचेन व्हिटमर जिंकल्या, अब्दुल अल-सय्यद दुसरे आले. नंतर ठाणेदार डेट्रॉईटमधून राज्याच्या प्रतिनिधिगृहावर निवडून गेले आणि २०२२ मध्ये नव्या नकाशातील तेराव्या मतदारसंघातून काँग्रेससाठी उभे राहिले. यात डेट्रॉईटचा मोठा भाग आणि लगतची काही उपनगरे येतात. येथे डेमोक्रॅटिक पक्षाचे बळ इतके आहे की नोव्हेंबर हा उपचार असतो आणि खरी लढत ऑगस्टमध्ये होते. त्या प्राथमिक फेरीत नऊ उमेदवार होते. मिशिगनमध्ये दुसरी फेरी नसते, ज्याला सर्वाधिक मते तो विजयी. ठाणेदारांना सुमारे २८ टक्के मते मिळाली आणि तेवढ्यावर ते पक्षाचे उमेदवार झाले, कारण कृष्णवर्णीय उमेदवारांमध्ये मते वाटली गेली.

त्याचा परिणाम असा झाला की १९५५ पासून डेट्रॉईटचा किमान एक कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये असायचा, ती परंपरा जानेवारी २०२३ मध्ये खंडित झाली. बहुसंख्य कृष्णवर्णीय लोकवस्तीच्या शहरासाठी ही किती खोल जखम आहे, हे आपण कौतुकाच्या बातम्या वाचताना विसरतो. ठाणेदारांनी कोणताही नियम मोडलेला नाही, ते नियमांप्रमाणे जिंकले, आणि २०२४ मध्येही प्राथमिक फेरीत निम्म्याहून अधिक मते मिळवून जिंकले. त्या वेळी त्यांचे प्रमुख प्रतिस्पर्धी ॲडम हॉलियर पुरेशा वैध सह्या नसल्यामुळे मतपत्रिकेवरच येऊ शकले नव्हते. तरीसुद्धा, आपल्या भाषेचा माणूस निवडून आला याचा आनंद आणि त्या शहराच्या मनातील खंत, या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी खऱ्या वाटतात.

सह्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. २०२२ मध्ये गव्हर्नरपदाच्या रिपब्लिकन प्राथमिक फेरीतील दहापैकी पाच उमेदवार सह्यांमुळेच बाद झाले. त्यांना १५ हजार वैध सह्या हव्या होत्या. पैसे घेऊन सह्या गोळा करणाऱ्या काही लोकांनी त्या सरसकट बनावट केल्या होत्या. बाद झालेल्यांत डेट्रॉईटचे माजी पोलीसप्रमुख जेम्स क्रेग होते, आणि त्यांचे नाव आघाडीवर घेतले जात होते. शेवटी ट्यूडर डिक्सन उमेदवार झाल्या आणि नोव्हेंबरमध्ये व्हिटमर यांनी त्यांना सुमारे साडेदहा टक्क्यांच्या फरकाने हरवले.

नकाशावेडा

चिकोडीकर यांच्या मुद्द्याला मला एक जोड द्यायची आहे, आणि ती मी ज्या आयोगाची बाजू घेतली त्याच्या विरोधात जाणारी आहे. डेट्रॉईटमधील नाराजी केवळ काँग्रेसच्या जागेपुरती नव्हती. राज्याच्या सभागृहांचे मतदारसंघ आखताना आयोगाने शहराचे तुकडे करून ते चाकाच्या आऱ्यांसारखे उपनगरांत लांबवले. त्यामुळे अनेक मतदारसंघांत कृष्णवर्णीय मतदारांचे प्रमाण घटले. डेट्रॉईटमधील रहिवाशांनी दावा लावला आणि डिसेंबर २०२३ मध्ये तीन न्यायाधीशांच्या संघीय पीठाने निकाल दिला की प्रतिनिधिगृहाचे ७ आणि सिनेटचे ६ असे एकूण १३ मतदारसंघ प्रामुख्याने वंशाच्या आधारावर आखले गेले आहेत, म्हणून ते घटनाबाह्य आहेत. आयोगाला ते पुन्हा आखावे लागले. प्रतिनिधिगृहाचे नवे मतदारसंघ २०२४ लाच वापरले गेले आणि सिनेटचे २०२६ साठी आहेत.

हेतू चांगला असलेल्या सामान्य नागरिकांकडूनही एवढी मोठी चूक होऊ शकते, हे मान्य करायला मला त्रास होतो, पण ते मान्य केलेच पाहिजे. एका पक्षाला झुकते माप न देण्याच्या प्रयत्नात डेट्रॉईटची मते उपनगरांत पसरवली गेली आणि त्याची किंमत त्या शहराने मोजली. जनसुनावण्यांत डेट्रॉईटच्या लोकांनी याविषयी स्पष्ट इशारा दिला होता. ते ऐकले गेले असते तर न्यायालयाची पायरी चढावी लागली नसती.

कँटनवासी

नकाशांइतकाच मतमोजणीचा विषयही सांगितला पाहिजे, कारण ताईंना पुढच्या वेळी निकालाची वाट पाहताना त्याचा उपयोग होईल. मिशिगनमध्ये निवडणूक एखादे केंद्रीय कार्यालय घेत नाही. ८३ काउंट्या आहेत आणि गावोगावचे मिळून दीड हजारांवर क्लार्क, म्हणजे निवडणूक घेणारे स्थानिक अधिकारी, हे काम पाहतात. २०२० मध्ये टपाली मते प्रचंड आली होती, पण कायद्याने ती पाकिटातून काढून मोजायला मतदानाच्या दिवसापर्यंत जवळजवळ मुभाच नव्हती. म्हणून केंद्रांवरची मते आधी आणि मोठ्या शहरांतील टपाली मते मागाहून जाहीर झाली. आघाडी रात्रीतून फिरली आणि त्यावरून नाही नाही ते आरोप झाले. राज्यात जो बायडन यांना १,५४,१८८ मतांची आघाडी होती, तरी चार सदस्यांचे, दोन्ही पक्षांचे दोन-दोन असे राज्याचे प्रमाणन मंडळ, म्हणजे निकालाला अधिकृत मान्यता देणारे मंडळ, काय करते याकडे सर्वांचे डोळे लागले होते. २३ नोव्हेंबरला एका रिपब्लिकन सदस्याने तटस्थ राहायचे ठरवले आणि दुसऱ्या रिपब्लिकन सदस्याने, ॲरन व्हॅन लँगवेल्ड यांनी, कायद्याने आपल्याला दुसरा पर्यायच दिलेला नाही असे सांगून बाजूने मत दिले. मंडळावर त्यांची पुन्हा नेमणूक झाली नाही. त्या गृहस्थांविषयी मला अतिशय आदर वाटतो.

२०२२ मध्ये मतदारांनी पुन्हा घटनादुरुस्ती मंजूर केली. निकाल प्रमाणित करणे हे मंडळाचे केवळ बंधनकारक काम आहे, त्यात स्वतःचे मत चालवायचे नाही, हे तिने स्पष्ट केले. नऊ दिवस आधीपासून केंद्रावर जाऊन मतदान करण्याचा हक्कही तिनेच दिला. आता टपाली मते आधीच्या दिवसांत यंत्रात घालायला मुभा आहे, त्यामुळे निकाल पूर्वीपेक्षा लवकर कळतो.

२०२६ चे वर्ष ताईंसाठी मोठे आहे. गव्हर्नर व्हिटमर, महाधिवक्ता डाना नेसल आणि सेक्रेटरी ऑफ स्टेट जोसेलिन बेन्सन या तिघींच्याही दोन मुदती पूर्ण होत असल्यामुळे राज्यभरची तिन्ही पदे मोकळी होत आहेत. गॅरी पीटर्स यांनी पुन्हा न लढण्याचे जाहीर केल्याने सिनेटची जागाही मोकळी आहे, आणि डेट्रॉईटचे तेव्हाचे, दीर्घकाळचे महापौर माइक डगन यांनी अपक्ष म्हणून गव्हर्नरपद लढवण्याची घोषणा २०२४ च्या अखेरीस केली होती. प्राथमिक फेरी ४ ऑगस्टला आहे आणि मुख्य निवडणूक ३ नोव्हेंबरला. ताईंनी टपाली मतदारांच्या कायम यादीत नाव घालून घेतले तर दर निवडणुकीला मतपत्रिका आपोआप घरी येईल. ती भरताना तीन गोष्टी सांभाळा. ऑगस्टमध्ये एकाच पक्षाच्या स्तंभात खुणा करा, कागद उलटून मागची बाजू पाहा, आणि पाकिटावर सही करायला विसरू नका. क्लार्कच्या कार्यालयात ती सही नोंदीतल्या सहीशी ताडून पाहतात, आणि ती जुळली नाही तर दुरुस्तीसाठी संपर्क करतात, म्हणून फोन क्रमांक लिहिलेला बरा.

मुळाकाठी

तिची सही गेल्या काही वर्षांत बदलली आहे, पूर्वी ती देवनागरीत करत असे आणि आता इंग्रजीत करते. वाहनपरवान्यावर नेमकी कोणती आहे, हे तिला आजच पाहायला सांगतो.